हौसाबाईचा भाता

खारवण्यात कुणी पाहुणा आला आणि त्याने सहज विचारलं, "देवळातला ऑर्गन वाजवतं कोण?" तर त्याला दोन उत्तरं मिळतात. गाव सांगतं, जितेंद्र. आणि हौसाबाई तारी सांगते, "जितेंद्र पट्ट्यो दाबता. वाजवतंय मी." हे ती बाजूला घेऊन कानात सांगत नाही. भर सभामंडपात, जितेंद्राच्या तोंडावर सांगते, आणि वर त्यालाच विचारते, "काय रे, खोटा आसा?"

आता तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही, बरं का. त्यासाठी आधी तो ऑर्गन समजून घ्यायला हवा. दशावतारातली पायपेटी डोळ्यांपुढे आणाल तर फसाल. हा ऑर्गन म्हणजे सभामंडपाच्या डाव्या अंगाला उभं असलेलं लाकडाचं एक घरच आहे. पुढच्या बाजूला कथलाचे उंच चकचकीत नळे ओळीने उभे. आत त्याहून कितीतरी जास्त, काही कथलाचे, काही लाकडाचे. सर्वांत मोठा नळा पोफळीच्या खोडाएवढा, सर्वांत लहान करंगळीएवढा. प्रत्येक नळ्याचा सूर एकच, आणि तो जन्मभर तोच बोलणार. बासरीत फुंकर मारतो तशी या प्रत्येक नळ्यात हवा जाते. पट्टी दाबली की आतली बारीक लाकडी काडी ओढली जाते, कातड्याची झडप उघडते आणि हवा त्या नळ्याच्या तोंडात शिरते. दोन्ही अंगांना खुंट्या आहेत. त्या ओढून कुठल्या रांगेतल्या नळ्यांनी बोलायचं आणि कुणी गप्प राहायचं, ते ठरवायचं.

पण हवा येणार कुठून? तर उजव्या कुशीतून एक लांब लाकडी दांडा बाहेर आलाय. तो वरखाली करत राहायचं. त्याने आतला धाकटा भाता हवा ओढतो आणि वरच्या थोरल्या भात्यात भरतो. थोरला भाता फुगून वर उचलला जातो, आणि त्याच्यावरचं वजन त्याला पुन्हा खाली दाबत राहतं. त्या दाबामुळे हवा नळ्यांना एकसारखी मिळते. माणसाचा हात वर जावो की खाली, सूर डगमगत नाही. जितेंद्र पुढे झब्बा घालून बसतो, त्याचा फोटो निघतो. दांडा ओढणारी हौसाबाई कपाटाच्या आड, कासोटा घट्ट करून उभी. तिचा हात थांबला, की जितेंद्राने पट्ट्यांवर डोकं जरी आपटलं तरी कणभर आवाज निघायचा नाही. मग वाजवतं कोण, तुम्हीच सांगा!

हा ऑर्गन खारवण्यात आला त्याला गेल्या त्रिपुरीला शंभर वर्षं झाली. गोव्यात एक जुनं चॅपेल पाडून नवीन बांधायचं ठरलं, तेव्हा गावच्या तांडेलाने तो सुटा करून आपल्या पडावात, म्हणजे मालाच्या गलबतात, घातला आणि खाडीतून वर आणला. नळे उतरवताना लोकांना वाटलं, साखर कारखान्याचं काहीतरी आलंय. गोव्याचाच एक मेस्त्री पावसाळाभर राहून तो जोडून गेला. तेव्हापासून रवळनाथाच्या देवळात भजन, कीर्तन, नवरात्र आणि त्रिपुरी पौर्णिमेची नांदी याच्याशिवाय झालेली नाही. आजूबाजूच्या गावांत मोठी देवळं आहेत, सोन्याचे मुखवटे आहेत, हत्तीएवढ्या दीपमाळा आहेत. पण असा ऑर्गन आचऱ्याहून कुडाळपर्यंत कुणाच्या देवळात नाही. खारवणेकर माणूस मुंबईत भेटला तर आधी गावाचं नाव सांगतो आणि दुसऱ्या वाक्यात ऑर्गन.

दांडा पहिल्यापासून ताऱ्यांच्या घराकडे. तारी म्हणजे खाडीवर तर, म्हणजे माणसांची ने-आण करणारी होडी, चालवणारे, वल्ही मारणारे, दंड भक्कम. हौसाबाईचा सासरा गणपत तारी म्हातारा व्हायला लागला आणि त्याचा मुलगा तर मुंबईला गोदीत चिकटलेला. तेव्हा गणपतने काय करावं? मुलाला मुलगी बघायला म्हणून तो पलीकडच्या गावी गेला, पण पुढच्या दाराने गेलाच नाही. मागच्या बागेत विहिरीवर हौसा लाट ओढत होती. लाट म्हणजे एका टोकाला धोंडा बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचं कोळंबं असलेला लांब वासा. माडापोफळींना पाणी शिंपायचं ते याच्यावर. गणपत माडाआड उभा राहून कितीतरी वेळ बघत राहिला. पोरीचा हात एका लयीत चाललेला, ना घाई, ना धाप, आणि वर तोंडाने गाणं. घरी येऊन म्हणाला, "दांड्याक माणूस गावला. आता झिलाक विचारा, तेका पसंत आसा काय ता."

लग्नानंतरच्या पहिल्याच त्रिपुरीला त्याने सुनेच्या हातात दांडा दिला. बाईमाणूस दांड्यावर म्हणून तेव्हा कुजबुज झाली. हौसाबाईने ती कुजबुज थोरल्या नळ्याच्या आवाजात बुडवून टाकली. नवरा गेला, सासरा गेला, लेक सलोनी लग्न होऊन विरारला गेली. दांडा राहिला. "माझ्या घोवापेक्षा जास्त वर्सां ह्याच्यावांगडा काढलंय," असं ती दांड्यावर थाप मारून सांगते.

तर या हौसाबाईच्या हाताला गेल्या वर्षी गावाने नाव ठेवलं. ती हकीकत सांगायची आहे.

शिमग्याच्या आधी सलोनी बाळंत झाली म्हणून हौसाबाई विरारला गेली. तिच्या माघारी देवस्थान समितीने सभामंडपात नवीन लाद्या बसवून घेतल्या. काम देवेशकडे होतं. देवेश गावचाच पोरगा, कुडाळला कंत्राटं घेतो, समितीचा सेक्रेटरीही तोच. कामगारांनी ऑर्गन जपून पुढे सरकवला, लाद्या झाल्यावर जपून मागे सरकवला. एक ओरखडा नाही. सगळं ठाकठीक.

चैत्रात हौसाबाई परत आली. सामान घरात टाकून तडक देवळात गेली, कारण दांड्याला हात लावल्याशिवाय आपण गावात आलो असं तिला वाटतच नाही. देवळाच्या मागे सुरंगीचं जुनं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी तिला एक काळा धोंडा दिसला. तुळतुळीत, तव्यासारखा चपटा, एका अंगाला पावलासारखा निमुळता, आणि दुसऱ्या अंगाला एक खोबण. सुरंगीचा बहर सरत आला होता आणि झाडाने आपली उरलीसुरली फुलं नेमकी त्याच्यावर टाकली होती. कुणीतरी पूजा बांधावी तशी.

लग्न होऊन आल्यापासून ती त्या झाडाखालून जात आलेली. तिथे असा धोंडा कधीच नव्हता. हौसाबाईच्या अंगावर काटा आला. तिने तिथल्या तिथे पदर डोक्यावर घेतला, देवळातून पणती आणून लावली आणि गावभर सांगत सुटली, "अरे बाबांनू, सुरंगीखाली राखणदार इलो! आपसूक इलो! पयलो माका दिसलो!"

आता आमच्याकडे प्रत्येक वाडीला, प्रत्येक बागेला एखादा राखणदार असतोच. दगडात असतो, झाडात असतो. वर्षाला एक नारळ आणि पानाचा विडा त्याला मिळाला, की गुराढोरांची, पोराबाळांची राखण तो करतो. तेव्हा नवीन राखणदार आला म्हटल्यावर कुणी फार खोलात गेलं नाही. बाळा गुरव रवळनाथाचा पुजारी. त्याने डोकं खाजवलं, म्हणाला, "इलो तर इलो. देवळाच्या मागची बाजू उघडीच होती." शेजारच्या किशोरीची हरवलेली गाय दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या पायांनी गोठ्यात आली. झालं! सोमवारी सोमवारी नारळ फुटायला लागले. खुद्द देवेशच्या बायकोने नवस बोलला. आणि या सगळ्याची मानकरीण कोण, तर हौसाबाई. दर सोमवारी धोंड्याला आंघोळ घालायची ती, फुलं वाहायची ती. ती आल्याशिवाय कुणी नारळ वाढवायचा नाही असा दंडकच पडला.

राखणदाराने प्रसाद म्हणून तिला दिलं काय? हातात बळ! देवळातली भजनं श्रावणात सुरू होतात. पहिल्याच भजनाला तिने दांडा धरला आणि चकित झाली. दांडा फुलासारखा हलका लागत होता. आधी भजन संपताना दंड भरून यायचे, खांद्यात कळ यायची, रात्री तेल चोळावं लागायचं. आता काहीच नाही. ती घरोघर दंड दाखवत फिरली. "बघा गो! साठी उलाटली आणि हात दुखणत नाय. राखणदाराची कृपा!"

पण ऑर्गनचं काहीतरी बिघडलं होतं. थोरले नळे बोलायचेच नाहीत, नुसते सुस्कारे टाकायचे. धाकटे नळे बोलायचे, पण सूर खाली बसलेला, दम्याचा रोगी बोलतो तसा. श्रावणात लोकांनी पावसाळी हवेला बोल लावला. गणपतीत म्हणाले, लाकूड फुगलंय. नवरात्रात मात्र उघडच झालं. कीर्तन रंगात आलेलं, जितेंद्राने सगळ्या खुंट्या ओढल्या, दोन्ही हात पट्ट्यांवर टाकले, आणि ऑर्गनमधून असा आवाज निघाला की मागच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली.

जितेंद्र मालवण ते आचरा सहाआसनी चालवतो. स्वभावाने गरीब, पण ऑर्गनच्या बाबतीत तोही हळवा. तो उठून कपाटाआड आला. "काकी, वायच जोरान ओढ गो. हवा पुरणा नाय."

"हवा पुरणा नाय?" हौसाबाई कडाडली. "मेल्या, माझो हात कसो चल्लो हा बघ! फुलासारखो दांडो उडता! तुझी बोटां बघ आधी. स्टेरिंग धरून धरून वाकडी झालीहत."

"बोटांचो काय संबंध? थोरलो नळो बोलणाच नाय."

"मगे तेका विचार. माका कित्याक विचारतंस?"

त्यांचं भांडण कीर्तनकाराने टाळ वाजवून मिटवलं. पण गावाचा कल कुठे होता ते हौसाबाईला दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर कळलं. ती आल्यावर बायका बोलायच्या थांबल्या. किशोरी तेवढी चुकचुकली, "काकीचो काय दोष? वय झाला. हात खंयसून पुरतले?" हे ती वाईट मनाने बोलली नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

हौसाबाईला कुणी भांडखोर म्हणा, तोंडाळ म्हणा, ती हसण्यावारी नेईल. पण हात पुरत नाहीत? त्या दिवशी ती विहिरीवर गेली आणि गरज नसताना घागरीवर घागरी उपसत राहिली. हात थकले नाहीत. मग ऑर्गन का बोलत नाही? सोमवारी तिने धोंड्यापुढे जास्तीचा नारळ ठेवला. "राखणदारा," ती म्हणाली, "हाताक बळ दिलंस, आता वायच ऑर्गनाकडे पण बघ रे बाबा. माझी लाज तुझ्या हातात आसा."

त्रिपुरी जवळ आली. ऑर्गनची शंभर वर्षं त्याच दिवशी पुरी होणार. मुंबईकर येणार, लेकीसुना येणार, आचऱ्यापासून पाहुणे येणार. समितीच्या बैठकीत देवेश उभा राहिला आणि अगदी अदबीने म्हणाला की हौसाकाकीने खूप केलं, आता तिला विश्रांती देऊया. कुडाळच्या एमआयडीसीत एक जण हवेची मोटर बसवून देतो. बटण दाबलं की काम झालं. काकीला शाल-श्रीफळ देऊन पहिल्या खुर्चीवर बसवू.

"पयल्या खुर्चेर बसूक मी काय मेलंय?" हौसाबाईने विचारलं. जितेंद्र खाली बघत होता.

मोटरवाला आला त्या दिवशी ती मुद्दाम हजर राहिली. काय करतोय ते बघायला, आणि जमल्यास त्याचं डोकं खायला. त्याला हवेचा दाब मोजायचा होता म्हणून त्याने ऑर्गनची मागची फळी उघडली. एवढी वर्षं दांडा ओढला, पण हौसाबाईने आतलं पोट कधी पाहिलं नव्हतं. गणपत तारी सांगायचा, "भितुर थोरलो भातो आसा, तेच्यार वजन आसा," एवढंच. आज ती पहिल्यांदा वाकून आत बघत होती.

थोरला भाता तिच्यासमोर होता. कातड्याच्या घड्या आणि वर रुंद फळी. फळीवर शंभर वर्षांची धूळ, धुपाचा काळा थर. आणि त्या काळ्या थरात मधोमध एक स्वच्छ पांढुरकी जागा. तव्यासारखी चपटी. एका अंगाला पावलासारखी निमुळती. दुसऱ्या अंगाला खोबण.

मोटरवाला म्हणाला, "इथे काहीतरी वजन असणार. कुठे गेलं?"

देवेश आठवून म्हणाला, "लाद्यांच्या टायमाक पोरांनी भितरसून एक धोंडो काढल्यानी होतो खरो. कोणी तरी उगाच ठेवलेलो म्हणान भायर टाकल्यानी."

"माझो आजो सांगायचो," जितेंद्र म्हणाला, "की मूळची वजनां शिशाची होती. पडावावरच्या खलाशांनी ती फोडून जाळ्यांक लावल्यानी. मगे मेस्त्रीन हयल्या खाडीवरसून धोंडो आणून बसवलो." तो हळहळला. "तो आता खंय गावतलो!"

हौसाबाईने आत हात घालून त्या पांढुरक्या जागेच्या कडेवरून बोट फिरवलं. त्या धोंड्याची प्रत्येक कड तिच्या बोटांना पाठ होती. दर सोमवारी आंघोळ घातली होती तिने. आणि दांडा हलका का लागत होता तेही एका क्षणात तिला उमगलं. हातात बळ आलं नव्हतं. भात्यावरचं वजन गेलं होतं. लाटेवर वाढलेल्या बाईला हे कळू नये! कोळंबं रिकामं असलं तर लाट हलकी लागणारच.

ती तशीच मागच्या दाराने सुरंगीकडे गेली आणि धोंड्यापुढे बसकण मारली.

"मेल्या," ती राखणदाराला म्हणाली, "बोलाचा होता ना रे एकदा! इतके नारळ खाल्लंस."

धोंडा कसला बोलतोय. हौसाबाईला रडू यायला लागलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. सांगितलं तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. हौसाबाईने भात्याचा धोंडा देव म्हणून पुजला, हौसाबाईने अख्ख्या गावाला त्याच्यापुढे वाकायला लावलं, असं लोक पोरांना सांगून हसतील. आचऱ्याच्या बाजारात हसतील. किशोरीची गाय, देवेशच्या बायकोचा नवस, सगळ्यांची तोंडं कडू होतील. आणि नाही सांगितलं तर? मोटर बसेल, ऑर्गन बोलेल, राखणदार राहील, तिचा सोमवारचा मानही राहील. फक्त एवढंच, की ताऱ्यांच्या सुनेचे हात पुरले नाहीत म्हणून दांडा काढावा लागला, असं गावात कायमचं राहील. गणपत ताऱ्याने माडाआडून पारखून आणलेली सून, आणि शंभराव्या वर्षी तिचे हात पुरले नाहीत!

ती पदराने नाक पुसून उठली. हसूदेत मेल्यांना, तिने ठरवलं.

त्रिपुरीच्या सकाळी रवळनाथापुढे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला विनवणी, घालायला गाव जमला. मोटर जोडून तयार होती, देवेशने बटण भिंतीवर बसवलं होतं. बाळा गुरवाने नारळ हातात घेतला आणि सूर लावला, "बा देवा म्हाराजा, रवळनाथा..."

"व्हय म्हाराजा!" गाव एकमुखाने म्हणाला.

"थांब रे बाळा," हौसाबाई पुढे आली. "आजचा गाऱ्हाना मी घालतलंय."

गाऱ्हाणं बाईने घालायची आमच्याकडे रीत नाही. पण तिचा चेहरा बघून बाळाने नारळ तिच्या हातात दिला.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. "तुझ्या ऑर्गनाच्या भात्यार शंभर वर्सां एक धोंडो बसलेलो. तो पोरांनी भायर टाकलो. आणि ह्या हौसान तेका राखणदार म्हणान पुजलो. चूक माझी. माझ्या गुर्मीची. पयलो माका दिसलो म्हणान नाचलंय. ज्यांका हसाचा आसा त्यांनी पोटभर हसा!"

गावाला व्हय म्हाराजा म्हणायचं सुचेना. कुणीतरी हसलं, आणि एकटंच हसलं म्हणून गप्प झालं.

"पण देवा, माका एक सांग," हौसाबाई आता देवाशीच भांडत होती. "शंभर वर्सां काळोखात बसान जेणा तुझ्या भजनाक श्वास दिल्यान, तो राखणदार न्हय तर कोण? तेका मी खोटो कसो म्हणू? आता तेका तेच्या जाग्यार जावक दी. आणि माका एकदा, एकदाच, तो बसलेलो असताना दांडो ओढूक दी. माझे हात पुरले नाय तर मी आपसूक खुर्चेर जावन बसतंय. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जितेंद्र ओरडला. मग बाळा. मग अख्खा सभामंडप.

पण पूजलेला दगड असा उचलता येत नाही. कौल घ्यावा लागतो. बाळाने रवळनाथाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पाकळी हलली, अर्धी सुटली, लोंबकळत राहिली. हौसाबाईने डोळे मिटून घेतले. "पडली!" किशोरी ओरडली. "उजवी पडली गो काकी!"

ढोल-ताशांच्या गजरात धोंडा सुरंगीखालून निघाला. धरायला चार जण, आणि पुढे हौसाबाई पाण्याचा सडा घालत. फळीवरच्या पांढुरक्या जागेत तो असा बसला, जणू कधी उठलाच नव्हता. बाळाने तेवढ्यात नवीन नियम सांगितला. देव बसला की सांजवेळच्या आरतीपर्यंत भाता हलवायचा नाही. म्हणजे एकदा ओढून बघायचीही सोय राहिली नाही. हौसाबाई दिवसभर जेवली नाही. श्रावणापासून हलकाच दांडा ओढला होता. त्याआधी जड दांडा ओढला तेव्हा ती एक वर्षाने तरुण होती. खरंच हात गेले असतील तर?

सांज झाली. दीपमाळ पेटली, सभामंडप माणसांनी भरून ओसंडला. जितेंद्र बसला. देवेश त्याच्या शेजारीच, भिंतीवरच्या बटणाजवळ उभा राहिला, काकीची काळजी वाटून.

"बटणाक हात लावलंस तर तुझ्या हातार शिरां पडो," हौसाबाई म्हणाली आणि तिने दांडा धरला.

जड होता. देवा रे, किती जड होता! पहिल्या ओढीला खांद्यात कळ गेली. दुसऱ्या ओढीला भाता कण्हला आणि सावकाश उचलला गेला, त्याच्यावर राखणदार. तिला माहेरच्या बागेतली विहीर आठवली. ना घाई, ना धाप. ती तोंडातल्या तोंडात शिंपण्याचं गाणं म्हणायला लागली. जितेंद्राने एक पट्टी दाबली, थोरल्या नळ्याची. क्षणभर काहीच नाही. मग जमिनीतून आल्यासारखा तो सूर उठला आणि नव्या लाद्यांतून लोकांच्या पायांत शिरला. समया थरथरल्या. म्हाताऱ्यांनी हात जोडले. जितेंद्राने एकेक करून सगळ्या खुंट्या ओढल्या, आणि नांदी सुरू झाली. शंभर वर्षांचे सगळे नळे एकदम, भरल्या छातीने. मुंबईकर पोरं मोबाइल धरायला विसरली.

नांदी लांबलचक आहे. मधे कुठे श्वास घ्यायला जागा नाही. शेवटच्या कडव्याला हौसाबाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण सूर केसाएवढाही हलला नाही. शेवटचा सूर जितेंद्राने इतका लांबवला, की देवेशचा हात न राहवून बटणाकडे गेला. तो वरच्यावर जितेंद्राने एक हात सोडून धरला. हौसाबाई ओढत राहिली.

थांबल्यावर भात्यातली उरलेली हवा हळूहळू बाहेर जाताना ऐकू आली. मग जो गलका झाला तो खाडीपलीकडे ऐकू गेला म्हणतात. जितेंद्र उठून कपाटाआड आला, तिच्या पाया पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "आज वाजवल्यान कोणी? काकीन!"

हौसाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. दोन्ही हात मांडीवर पालथे पडलेले. देवेश पाण्याचा तांब्या घेऊन वाकला.

"काकी, हात दुखतत गो?"

हौसाबाईने आपल्या दंडांकडे बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते भरून आले होते, खांद्यापासून बोटांपर्यंत नुसता ठणका लागला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तोंडभर हसत होती.

"दुखतत रे बाबा," ती म्हणाली. "बरे दुखतत!"